अल्पदृष्टी असलेल्या मुलीला पदवीसाठी पुण्याला पाठवायचे आहे: आधी कोणती तयारी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिले आहे की त्यांच्या मुलीने यंदा कला शाखेतून बारावीची परीक्षा दिली. तिला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्यातल्या पडद्याचा वाढत जाणारा आजार आहे आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ७५ टक्क्यांचे आहे. दिवसा ओळखीच्या रस्त्याने ती एकटी जाते, पण अंधार पडला की तिला जवळजवळ काहीच दिसत नाही. तिला पुण्यात राहून अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.ए. करायचे आहे, आणि नातेवाइकांचे म्हणणे आहे की तिने घरी बसूनच मुक्त विद्यापीठाची पदवी घ्यावी. पुण्यात अशा मुलांसाठी सर्वांत चांगले महाविद्यालय कोणते, आणि तिला पाठवावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी बरीच वर्षे एका महाविद्यालयातल्या दिव्यांग विद्यार्थी सहाय्य केंद्राचे काम पाहते आहे, आणि निकालाच्या दिवसांत पालक मला सर्वांत आधी महाविद्यालयाचे नाव विचारतात. नावाकडे मी नंतर येईन, कारण तुमच्यापुढची खरी अडचण त्याच्या आधीची आहे. आजवर तुमच्या मुलीला ज्या सवलती मिळाल्या, त्या मिळवण्याचे काम बहुधा तुम्ही किंवा तिच्या शिक्षकांनी केले असेल. विभागीय मंडळाकडे प्रस्ताव गेला, लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते उत्तर लिहून देणारा, शोधला गेला, वाढीव वेळ मंजूर झाला आणि तिने परीक्षा दिली. विद्यापीठात यातले काहीही आपोआप पुढे येत नाही. बारावीची मंजुरी बारावीपुरतीच असते. नव्या ठिकाणी तिला कोणी ओळखत नसेल, वर्ग मोठा असेल, आणि तिच्याकडे पाहून तिची अडचण कोणाच्या लक्षात येणार नाही, कारण या आजारात डोळे दिसायला इतरांसारखेच असतात. तेव्हा आपल्याला नेमके काय लागते हे तिने स्वतः ओळखणे, ते वेळेत आणि लेखी मागणे, आणि मिळाले नाही तर कोणाकडे जायचे हे तिला माहीत असणे, हीच मुख्य तयारी आहे. माझी विनंती आहे की हे उत्तर तुम्ही वाचून तिला समजावून सांगण्याऐवजी तिलाच फोनवर ऐकू द्या.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगते. रेटिनायटिस पिग्मेंटोसामध्ये बहुधा आधी रात्रीचे दिसणे कमी होते, मग बाजूचे दिसणे आकसत जाते आणि मधले दिसणे त्यामानाने उशिरापर्यंत टिकते; पण हा वेग माणसागणिक फार वेगळा असतो. पदवीच्या काळात तिची दृष्टी आजच्याइतकीच राहू शकते, किंवा बरीच कमीही होऊ शकते. त्यामुळे मी तयारी अशी सांगणार आहे की जी दोन्ही परिस्थितींत उपयोगी पडेल. घरची ऐपत, पुण्यात कोणी नातेवाईक आहे का, तिचे इंग्रजी कितपत आहे, अनोळखी माणसाला प्रश्न विचारायची तिला किती सवय आहे, यांवरही बराच फरक पडेल आणि तो तुम्हीच जाणता.

प्रथम कागदपत्रे, कारण त्यांना वेळ लागतो आणि ती अपुरी असली की पुढचे सगळे अडते. प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे की ठरावीक मुदतीचे, हे आज पाहा. वाढत जाणाऱ्या आजारात पुष्कळदा मुदतीचे प्रमाणपत्र दिले जाते, आणि ती मुदत नेमकी परीक्षेच्या अर्जाच्या वेळी संपलेली मी अनेकदा पाहिली आहे. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, नसेल तर स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर लगेच अर्ज करा. त्याचबरोबर नेत्ररोगतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर न हलवता किती भाग दिसतो याची, नवी तपासणी करून घ्या आणि अहवालाची एक प्रत जवळ ठेवा. प्रमाणपत्रावरच्या ७५ या आकड्यावरून प्राध्यापकांना काहीच कळत नाही. समोरचे दिसते पण बाजूचे दिसत नाही, उजेडातून अंधाऱ्या जिन्यात गेल्यावर काही क्षण पूर्ण अंधार होतो, हे त्या अहवालाच्या आधाराने तिला समजावून सांगता येते. उत्पन्नाचा दाखला, रहिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले तिच्या नावाचे बँक खाते हेही तयार असू द्या, कारण राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावरची दिव्यांगांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याच मार्गाने मिळते. तो अर्ज महाविद्यालयाने पुढे पाठवावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, हे तिच्या वहीत पहिल्या पानावर असावे.

कायदा तिच्या बाजूने आहे, पण तो माहीत असेल तरच उपयोगी पडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. ज्यांचे दिव्यांगत्व किमान ४० टक्के आहे त्यांच्यासाठी सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयाच्या अटीत ५ वर्षांची सवलत आहे, असे त्याच्या कलम ३२ मध्ये म्हटले आहे. विनाअनुदानित महाविद्यालयाला हे आरक्षण लागू नसले, तरी सरकारमान्य संस्था म्हणून सर्वसमावेशक शिक्षणाची आणि वाजवी सोयी पुरवण्याची जबाबदारी तिच्यावरही आहे. वाजवी सोय म्हणजे संस्थेवर अवाजवी भार न टाकता, त्या विशिष्ट विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे केलेला आवश्यक तो बदल. यात ‘त्या विशिष्ट विद्यार्थ्याच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाच्या एका प्रकरणात हेच तत्त्व स्पष्ट केले आणि ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नाही एवढ्याच कारणाने लिहिण्याची खरी अडचण असलेल्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असे ठरवले. तुमच्या मुलीला त्या निकालाची गरज नाही, पण ज्यांच्याकडे कमी टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे अशा वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

आता महाविद्यालयाविषयी. कागदावर बहुतेक ठिकाणी समान संधी कक्ष, म्हणजे दिव्यांग आणि अशाच इतर विद्यार्थ्यांना मदत करणारा विभाग, असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुगम्यतेबाबत २०२२ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वेही काढली आहेत. प्रत्यक्षात एखाद्या प्रसिद्ध महाविद्यालयात तो कक्ष म्हणजे कुलूपबंद खोली असते, आणि एखाद्या साध्या महाविद्यालयात एक ग्रंथपाल किंवा एक प्राध्यापिका जीव लावून सगळे सांभाळत असते. त्यामुळे नावावरून ठरवू नका. दोन-तीन महाविद्यालये निवडा, तिला घेऊन जा आणि प्रश्न तिला विचारू द्या. दिव्यांग विद्यार्थ्यांचे काम पाहणारी नेमकी व्यक्ती कोण, आत्ता येथे दृष्टिबाधित विद्यार्थी शिकत आहेत का, त्यांच्यापैकी कोणाशी बोलता येईल का, आणि गेल्या परीक्षेत त्यांना लेखनिक कोणी मिळवून दिला, एवढे विचारले तरी पुरे. शिकत असलेल्या विद्यार्थ्याशी झालेले बोलणे हे माहितीपुस्तिकेपेक्षा कितीतरी भरवशाचे असते. ‘आम्ही सगळे सहकार्य करू’ असे उत्तर मिळाले आणि पुढे एकही तपशील मिळाला नाही, तर मी ते महाविद्यालय यादीत खाली टाकीन. याच कसोटीवर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचे एखादे महाविद्यालय पुण्यातल्यापेक्षा चांगले ठरले तर ते घेण्यात काहीही कमीपणा नाही. पुण्याचा फायदा असा की अभ्यासाला मदत करणाऱ्या संस्था तिथे आहेत. दृष्टिहीन तरुणांच्या उच्च शिक्षणासाठी काम करणारे निवांत अंध मुक्त विकासालय हे त्यांपैकी एक. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून काम करते आहे.

ती भेट मात्र दोनदा द्या, एकदा दुपारी आणि एकदा सूर्य मावळल्यावर. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, आणि प्रात्यक्षिके, ग्रंथालय किंवा एखादा जादा तास संपवून ती नेमकी त्या वेळी बाहेर पडेल. वसतिगृहापासून वर्गापर्यंतचा रस्ता तिने अंधारात चालून पाहिल्याशिवाय राहण्याची जागा पक्की करू नका. भाडे थोडे जास्त असले तरी पायी अंतरावरची, मोठा रस्ता ओलांडावा न लागणारी खोली मी निवडीन.

यालाच जोडून पांढऱ्या काठीचा विषय येतो. या आजाराची मुले काठी घ्यायला फार कचरतात, कारण दिवसा त्यांना दिसते आणि ‘दिसत असताना काठी कशाला’ असे लोक बोलतील याची त्यांना भीती वाटते. पण बाजूचे दिसत नसल्यामुळे पायाखालची पायरी, उघडे गटार, पदपथावर लावलेली दुचाकी हे सगळे भर दिवसाही त्यांच्या नजरेच्या वर्तुळाबाहेर असते. घडीची काठी पिशवीत मावते. संध्याकाळी आणि गर्दीत काढायची, एरवी ठेवून द्यायची. ती कशी वापरायची याचे रीतसर चलनवलन प्रशिक्षण असते आणि अंधांसाठी काम करणाऱ्या संस्था ते देतात. प्रवेशाआधीच्या सुट्टीत ते झाले तर जूनमध्ये पावसात नवे शहर शिकण्याचा अर्धा ताण कमी होईल.

आता वाचनाकडे येते. यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण पदवीच्या पहिल्या वर्षी मुले जी मागे पडतात ती बहुतेक इथेच पडतात. बारावीपर्यंत प्रत्येक विषयाचे एक पुस्तक असते आणि घरचे कोणीतरी ते वाचून दाखवते. पदवीला प्रत्येक सत्रात नवे विषय, संदर्भग्रंथ, प्राध्यापकांच्या नोट्स, झेरॉक्सचे गठ्ठे, आणि वाचून दाखवायला आई जवळ नाही, अशी स्थिती येते.

अल्पदृष्टी म्हटले की बहुतेक लोक अक्षरे मोठी करून देतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत ते तपासून घ्यावे लागेल. ज्यांचे दृष्टिक्षेत्र अरुंद आहे त्यांना फार मोठे अक्षर उलट त्रासाचे ठरते, कारण दिसणाऱ्या छोट्या वर्तुळात एका वेळी एक-दोनच अक्षरे मावतात आणि शब्द जोडता जोडता वाक्य हरवते. एकच उतारा १४, १८ आणि २४ पॉइंटमध्ये छापून तिने वाचून पाहावा आणि प्रत्येक वेळी किती वेळ लागला, डोळे किती दमले, ते लिहून ठेवावे. फोनवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी किंवा पिवळी अक्षरे करूनही पाहावे. चकाकीचा त्रास असलेल्या पुष्कळांना ते बरे पडते. या छोट्या प्रयोगातून जे निघेल तेच तिने महाविद्यालयाकडे मागायचे, नाहीतर ‘मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका’ म्हणून तिच्या हाती भलतेच काही येईल.

डोळ्यांनी वाचता येत असले तरी ऐकून वाचायला ती आजच सुरुवात करू दे, अशी माझी ठाम शिफारस आहे. पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारे टॉकबॅक अँड्रॉइड फोनमध्ये असतेच. संगणकावर तेच काम करणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि तो मराठीही वाचतो. सुरुवातीला आवाज यंत्रासारखा वाटतो, वेग झेपत नाही, कंटाळा येतो. रोज ठरलेला वेळ दिला तर दोन-तीन महिन्यांत कान सरावतात, आणि मग वेग वाढवत नेता येतो. दृष्टी शाबूत असताना हे कौशल्य शिकणे सोपे असते, कारण अडले की पडद्याकडे बघता येते. पुढे दृष्टी आणखी कमी झाली तर त्या वेळी मनाला आधीच पुष्कळ सोसायचे असते. तेव्हा अभ्यासाची पद्धतही नव्याने शिकायची वेळ तिच्यावर येऊ नये. ब्रेलबाबत मतभेद आहेत. पदवीसाठी ते अनिवार्य आहे असे मी म्हणणार नाही, पण स्वतःचे मुद्दे टिपून ठेवण्यापुरते आणि आकडेमोडीपुरते ब्रेल येत असलेली मुले भाषणात आणि तोंडी परीक्षेत जास्त निर्धास्त असतात, हे मी पाहिले आहे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची एक खास अडचण आहे, जिची कल्पना शिक्षकांनाही नसते. मराठीतली बरीच पुस्तके आणि नोट्स श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकित झालेल्या असतात. त्यांची पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर ती निरर्थक वाचतो. ‘तिला पीडीएफ पाठवली होती’ असे प्राध्यापक खरेपणाने सांगतात आणि ‘मला वाचता आली नाही’ असे ती खरेपणाने सांगते. युनिकोडमध्ये टंकलेली मराठी मात्र संगणकालाही मराठी म्हणूनच कळते, म्हणून मागताना ‘युनिकोडमधली वर्ड फाइल’ असे नेमके मागावे. ती मिळाली नाही तर फाँट बदलणारे परिवर्तक वापरता येतात, किंवा पानांचे स्वच्छ फोटो काढून गुगल ड्राइव्हसारख्या सेवेतून त्यांचा मजकूर करून घेता येतो. जोडाक्षरांत आणि तक्त्यांत चुका राहतात, त्या एखाद्या मैत्रिणीकडून तपासून घ्याव्या. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचे सदस्यत्वही आत्ताच घ्या. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या ग्रंथालयात मराठीसह अनेक भारतीय भाषांतली पुस्तके दृष्टिबाधितांना वाचता येतील अशा स्वरूपात आहेत. हवे ते पुस्तक तिथे नसेल तर संस्थेमार्फत तयार करून मागता येते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारताच्या कॉपीराइट कायद्याने अशा प्रती करण्यास परवानगी दिली आहे. अशी प्रत तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून घेऊन पुस्तकांची यादी प्रवेशाआधीच करून ठेवावी.

अर्थशास्त्राबद्दल तुम्ही घाबरला असाल तर ते स्वाभाविक आहे, कारण त्यात आकृत्या आणि आकडे असतात. माझ्या मते त्यामुळे विषय सोडण्याची गरज नाही. मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली का येतो हे ज्याला शब्दांत सांगता येते, त्याला तो वक्र कळलेला असतो. रबरी पाटीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून टोकदार पेनने रेघ ओढली की ती उंचावते आणि बोटाला कळते. ग्रंथालयात अशी एक पाटी असली की प्राध्यापक तासानंतर पाच मिनिटांत आकृती हातात देऊ शकतात. संख्याशास्त्रासाठी एक्सेल स्क्रीन रीडरवर चालवायला तिने आधीपासून शिकावे. माध्यमाचे म्हणाल तर, मराठीत लिहिणे तिला सहज जमत असेल तर परीक्षा मराठीतच द्यावी. पण ऐकण्याचा सराव पहिल्या दिवसापासून इंग्रजीचाही ठेवावा, कारण ऐकून वाचण्याजोगे अर्थशास्त्राचे साहित्य इंग्रजीत कितीतरी जास्त आहे आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणात ती उणीव एकदम जाणवते.

लेखनिक हा यानंतरचा मोठा विषय. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास, वाढीव वेळ मिळतो. लेखनिकाचे शिक्षण किती असावे, तो विद्यार्थ्याने आणायचा की परीक्षा घेणाऱ्या संस्थेने द्यायचा, याबाबतच्या सूचना वेळोवेळी बदलत आल्या आहेत, म्हणून चालू परिपत्रक महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातूनच घ्यावे. अर्ज परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, परीक्षेचा फॉर्म भरतानाच करावा, आणि मंजुरीचे पत्र तिच्या स्वतःच्या हातात असावे. यावर मी इतका भर देते त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण होते, जिला हक्काचा वाढीव तास केंद्रावर दिला गेला नव्हता. तो अन्याय होता हे न्यायालयाने मान्य केले आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेला उपाय करायला सांगितले, पण पुन्हा परीक्षा मात्र देववली नाही. गेलेला तास नंतर तसाच्या तसा परत मिळत नाही, म्हणून परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाला नियम माहीत असेल या भरवशावर राहू नये. आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांना पत्र दाखवून, बसण्याची खोली आणि तिथला उजेड पाहून यावे.

पत्र मिळाले तरी लेखनिकाला सांगून लिहवून घेणे ही स्वतंत्र कला आहे आणि ती सरावानेच येते. बारावीत तिने लेखनिक घेतला असेल तर तिला याची कल्पना असेल, पण पदवीची उत्तरे लांब असतात आणि त्यांत मुद्द्यांची रचना पाहिली जाते. आधी उत्तराचे चार-पाच मुद्दे मनात लावायचे, मग वाक्य पूर्ण करून, विरामचिन्हांसह, लिहिणाऱ्याच्या वेगाने सांगायचे, परिच्छेद कुठे बदलायचा ते सांगायचे, पारिभाषिक शब्द अक्षरे फोडून सांगायचा, आकृती काढवून घेताना आडव्या आणि उभ्या अक्षाला काय नाव द्यायचे तिथपासून सांगायचे. गावातल्या अकरावीच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला बसवून या सुट्टीत तिने काही पूर्ण तीन तासांचे पेपर असे लिहवून घ्यावेत. त्यातून तिचा वेग कळेल, आणि दुसऱ्यावर न चिडता सांगण्याची सवयही होईल. पुण्यात गेल्यावर लेखनिक शोधणे अवघड जाते ते यासाठी की सत्र परीक्षा सगळ्यांच्याच एका वेळी असतात. म्हणून दोन लेखनिक ठरवून ठेवावेत, एक आयत्या वेळी आजारी पडला तर दुसरा हवा. संगणकावर स्वतः टंकून उत्तरे लिहिण्याचा पर्यायही सूचनांमध्ये आहे. तो मिळाला तर मी तोच पसंत करीन, कारण त्यात उत्तर पूर्णपणे तिचे राहते. पण त्यासाठी तिला मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक न पाहता चालवता आला पाहिजे, आणि त्यालाही काही महिने लागतात.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर अंतर्गत मूल्यमापनाला बरेच गुण आहेत, ही गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. वर्गातल्या छोट्या चाचण्या, सादरीकरणे, आयत्या वेळी दिलेले प्रश्न यांना विद्यापीठाचे मंजुरीपत्र कोणी मागत नाही आणि म्हणून सवलतही आपोआप मिळत नाही. त्याबाबत तिला प्रत्येक प्राध्यापकाशी वेगळे बोलावे लागेल.

यासाठी मी आमच्याकडच्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात एका पानाचे पत्र लिहायला लावते. त्यात आजाराची कहाणी नको; वर्गात काय घडते आणि काय लागते एवढेच हवे. उदाहरणार्थ: ‘मला समोरचे मर्यादित दिसते, फळ्यावरचे वाचता येत नाही. फळ्यावर जे लिहाल ते कृपया उच्चारावे. मी पहिल्या रांगेत, खिडकीकडे पाठ करून बसेन. नोट्स युनिकोडमधल्या वर्ड फाइलमध्ये आदल्या दिवशी मिळाल्यास मी वर्गात सोबत ऐकू शकेन. अंतर्गत चाचणीत मला तासाला २० मिनिटे वाढीव वेळ लागेल. व्हरांड्यात मी आपल्याला ओळखून नमस्कार केला नाही तर ते न दिसल्यामुळे आहे.’ शेवटचे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटते, पण त्याने कितीतरी गैरसमज टळतात. पत्राची प्रत विभागप्रमुखांना आणि समान संधी कक्षाला द्यावी आणि पोच घ्यावी. सहकार्य मिळाले नाही तर आधी प्राचार्य, मग विद्यापीठ, आणि तिथेही काम झाले नाही तर पुण्यातच दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार करता येते. बहुतेक प्रकरणे विभागप्रमुखांच्या पुढे जात नाहीत, कारण नेमके आणि वेळेत मागितलेले देणे त्यांनाही सोपे असते.

आपली दृष्टी कमी आहे हे तिने सांगावे की नाही, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. आपले दुखणे चारचौघांत का सांगायचे, आणि पुढे लग्न ठरवताना ते आड येईल, ही भीती मी बऱ्याच घरांत पाहते. निर्णय तिचा आहे. मला एवढेच दिसले आहे की जी मुले लपवतात त्यांची सगळी शक्ती दिसल्यासारखे वागण्यात जाते आणि अभ्यासाला ती उरत नाही.

स्वयंपाकातले जुजबी, कपडे, औषधे, एटीएम, फोनवरून पैसे देणे हे सर्व तिने या महिन्यांत घरीच तुमच्या मदतीशिवाय करून पाहावे. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे मणी नावाचे ॲप आहे, ते फोनमध्ये असावे. परभणीहून पुण्याचा प्रवासही एकदा तिने एकटीने तिकीट काढून, तुम्ही फक्त सोबत बसून, करावा.

मुक्त विद्यापीठाबद्दल माझ्या मनात आकस नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालते आहे, त्याची पदवी रीतसर पदवी आहे, आणि नोकरी करणाऱ्या किंवा तब्येतीमुळे बाहेर पडू न शकणाऱ्या अनेकांना तिने हात दिला आहे. पैशांची खरोखर ओढाताण असेल किंवा तिचीच इच्छा असेल तर तो मार्ग जरूर घ्या. मात्र ‘एकटी कशी राहील’ या काळजीपोटी तो घेऊ नका. पदवीनंतर नोकरीसाठी तिला कधीतरी अनोळखी शहरात राहावेच लागेल, आणि ते शिकायला महाविद्यालयाइतकी मोकळी आणि चुका पोटात घालणारी जागा नंतर सहसा मिळत नाही. तुमच्या लिहिण्यावरून मला जे दिसते, म्हणजे ती दिवसा एकटी फिरते, विषय तिने स्वतः निवडला आहे आणि गावही तिनेच सांगितले आहे, त्यावरून मी तिला पाठवीन.

निकालाला अजून अवकाश आहे. या आठवड्यात प्रमाणपत्राची मुदत आणि युडीआयडी कार्ड तपासा, दृष्टिक्षेत्राच्या तपासणीची वेळ घ्या, आणि तिच्या फोनवर टॉकबॅक सुरू करून द्या. महाविद्यालयांची नावे ठरली आणि वर सांगितलेल्या प्रश्नांना तिथे काय उत्तरे मिळाली ते तिने इथे लिहिले, तर त्यांतले कोणते निवडावे याबद्दल मी अधिक नेमके सांगू शकेन.